हाली रुपया आणि टोलेडोचा दिनार

आमच्या घरी आजोबांच्या लाकडी पेटीत, जुन्या सातबाऱ्यांच्या आणि मोडीतल्या कागदांच्या तळाशी, फडक्यात बांधलेले सात हाली रुपये होते. त्यांच्या एका बाजूवर चारमिनार होता आणि त्याच्या मधल्या कमानीत, दारात कोणी उभे राहावे तसे, एकच अक्षर होते. ते अक्षर म्हणजे उर्दूतले ऐन, मीर उस्मान अली खान या निजामाच्या नावाचे पहिले अक्षर. त्याआधीच्या महबूब अली खानाच्या रुपयावर त्याच कमानीत मीम असे. आजोबा निजामाच्या राजवटीत पटवारी होते, त्यांचे सारे शिक्षण उर्दूतून झाले होते, आणि मला अलिफ, बे त्यांनी पाटीवर नव्हे, तर याच रुपयांवर बोट फिरवून शिकवले. पुढे ती लिपी माझ्या कोणत्या कामी येईल, याची कल्पना त्यांना नव्हती आणि मलाही नव्हती.

आजी शेवटपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' असे दोन वेगळे रुपये मोजत असे. हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजांचा. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा भाव तिला तोंडपाठ होता. बँकेत रोखपाल म्हणून एकतीस वर्षे काढल्यानंतर, निवृत्तीच्या वर्षी, मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हा भाव कुठून आला ते पाहिले. हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८१.८, तर कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी शेकडा ९१.७. म्हणजे एकात शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम आणि दुसऱ्यात १०.६९ ग्रॅम. भागाकार केला की शंभराला एकशे सतराच्या जवळपास आकडा येतो. आजीच्या तोंडी जो भाव होता तो हुकमाचा भासत असला, तरी त्याच्या मुळाशी चांदीचा कस होता. राजा कोणीही असो, सराफाचा हात आधी कस पाहतो आणि मग छाप पाहतो, हे मला त्या दिवशी आकड्यांत दिसले.

स्पेनची नाणी मी का जमवते, हा प्रश्न मला आमच्याकडे वारंवार विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पैठण, तेर, भोकरदन इथल्या पांढरीत सातवाहनांची शिशाची आणि पोटिन या मिश्रधातूची नाणी पावसाळ्यानंतर आजही वर येतात, मग दूरच्या देशाचे वेड कशासाठी? त्याचे एक उत्तर असे की, मातीतून निघालेले आपल्याकडचे नाणे मी विकत घेत नाही. सापडलेल्या जुन्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि पांढर उकरून नाणी विकणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही, तर ती पांढर अभ्यासकांसाठी तरी शिल्लक राहील, असे मला मनापासून वाटते. सातवाहनांची नाणी पाहायची तर मी तेरच्या शासकीय संग्रहालयात जाते. दुसरे उत्तर मात्र योगायोगाचे आहे. पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात एका ताटात परदेशी नाण्यांचा ढीग होता आणि त्यात एक चौकोनी, नखाएवढे, कागदासारखे पातळ चांदीचे नाणे होते. विक्रेत्याने ते 'स्पेन, मध्ययुग' एवढेच लिहून ठेवले होते. मी भिंग लावले आणि आजोबांनी शिकवलेली अक्षरे मला दिसली: अल्लाह रब्बुना, मुहम्मद रसूलुना, अल-महदी इमामुना. अल्लाह आमचा प्रभू, मुहम्मद आमचा प्रेषित, महदी आमचा इमाम. स्पेनच्या नाण्यावर मी घरबसल्या वाचू शकेन असा मजकूर आहे, हे कळल्यावर मला ते ताटात ठेवून परतणे शक्य झाले नाही.

ते नाणे अल्मोहादांच्या दिरहमाच्या घडणीचे आहे. बाराव्या शतकात मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातून उठलेल्या या पंथाने स्पेनचा दक्षिण भाग आपल्या सत्तेखाली आणला आणि चांदीचे नाणे चक्क चौकोनी पाडले. वजन जेमतेम दीड ग्रॅम. त्यावर राजाचे नाव नाही, साल नाही, आणि बहुतेक नाण्यांवर गावाचेही नाव नाही. त्यामुळे अभ्यासकाची पंचाईत होते, पण त्यामागचा विचार स्पष्ट आहे. पंथाचा संस्थापक इब्न तूमर्त हा महदी, म्हणजे देवाने पाठवलेला मार्गदर्शक, मानला गेला होता, आणि त्याच्या शिकवणीपुढे आजच्या सुलतानाचे नाव आणि आजचे साल या दोन्ही गोष्टी गौण ठरवलेल्या होत्या.

पण गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते. ७११ साली मुस्लिम सेनानी तारिक इब्न झियादची फौज आफ्रिकेतून समुद्र ओलांडून स्पेनमध्ये आली आणि तिथले व्हिसिगॉथांचे ख्रिस्ती राज्य कोसळले. नव्या सत्ताधीशांनी पाडलेल्या पहिल्या सोन्याच्या नाण्यांवर मजकूर इस्लामचा, पण भाषा लॅटिन आहे. हिजरी ९८ मध्ये, म्हणजे ७१६-१७ च्या सुमारास, दोन भाषांचे नाणे आले: एका बाजूला लॅटिन आणि मधोमध तारा, दुसऱ्या बाजूला अरबी, आणि त्या अरबीत 'अल-अंदलुस' हे देशाचे नाव. लोकांच्या हाताला आधी ओळखीची लिपी द्यायची, मग तिच्या शेजारी आपली बसवायची आणि काही वर्षांनी ओळखीची काढून घ्यायची, असा तो क्रम होता. पुढे कॉर्डोबाच्या उमय्या अमिरांनी दीर्घकाळ सोने पाडलेच नाही, चांदीचे दिरहम पाडले. सोने सुरू झाले ते ९२९ साली, अब्द अल-रहमान तिसरा याने स्वतःला खलिफा घोषित केल्यावर, कारण सोन्याचा दिनार पाडणे हा खलिफाचा मान समजला जाई.

इथे एक विषयांतर करते, कारण हे शब्द मला नाण्यांइतकेच प्रिय आहेत. स्पॅनिश भाषेत टांकसाळीला 'सेका' म्हणतात. तो शब्द अरबी 'सिक्का' वरून आला, आणि आमच्या 'हाली सिक्क्या'तला सिक्का तोच आहे, मराठीतला शिक्काही तोच. रोमनांच्या देनारिउसचा अरबांनी दिनार केला आणि स्पेनमध्ये त्याच देनारिउसचा 'दिनेरो' झाला, जो शब्द आज तिथे सरसकट पैशासाठी वापरतात. आपल्याकडे गुप्तांच्या लेखांत तोच 'दीनार' म्हणून येतो. ग्रीकांचा द्राख्मा पश्चिमेकडे दिरहम झाला, आणि आपल्याकडे देवगिरीच्या यादवांच्या शिलालेखांतला 'द्रम्म' झाला, त्याचाच पुढे दाम झाला. म्हणजे आपण बाजारात 'दाम मोजला' म्हणतो तेव्हा आपल्या तोंडी जो शब्द असतो, तो माझ्या त्या चौकोनी नाण्याच्या नावाचा सख्खा भाऊ आहे.

आता ज्या नाण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. ते माझ्या संग्रहात नाही आणि येण्याची शक्यताही नाही, कारण ते सोन्याचे आहे आणि त्याची किंमत माझ्या आवाक्यापलीकडची आहे. मोठ्या आकारातल्या छायाचित्रांवरूनच मी ते अक्षर अक्षर वाचले आहे. स्पेनमधल्या कॅस्टील या ख्रिस्ती राज्याचा राजा अल्फॉन्सो आठवा याने टोलेडोच्या टांकसाळीत हे नाणे पाडले. टोलेडो १०८५ सालीच ख्रिस्ती राजाच्या हाती आले होते, पण कॅस्टीलला स्वतःचे सोन्याचे नाणे नव्हते. मोठे व्यवहार अल्मोराविदांच्या, म्हणजे अल्मोहादांच्या आधीच्या मुस्लिम राजवटीच्या, दिनारांत होत. 'अल-मुराबितून' या त्यांच्या नावावरूनच त्या नाण्याला 'मारावेदी' म्हणू लागले. अल्मोराविदांची सत्ता मोडल्यावर मुर्सियाचा मुस्लिम राजा इब्न मर्दनीश, ज्याला ख्रिस्ती लोक 'लांडगा राजा' म्हणत, तसेच दिनार पाडत राहिला आणि ते कॅस्टीलमध्ये चालत. ११७२ साली तो वारला, मुर्सिया अल्मोहादांकडे गेले आणि त्या सोन्याचा ओघ आटला. तेव्हा अल्फॉन्सोने त्याच वजनाचे, त्याच घडणीचे नाणे स्वतः पाडायला घेतले.

त्या नाण्यावरचा मजकूर अरबीत आहे. राजा ख्रिस्ती, धर्म ख्रिस्ती, आणि प्रत्येक वाक्य अरबी. दर्शनी बाजूला लिहिले आहे की ख्रिस्ती धर्मसंघाचा इमाम रोमचा पोप आहे. 'इमाम' हाच शब्द वापरला आहे. कडेने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने सुरुवात करून, जो श्रद्धा ठेवील आणि बाप्तिस्मा घेईल तो तरेल, हे बायबलमधले वचन दिले आहे, जिथे मूळ दिनारावर कुराणातली ओळ असे. मागच्या बाजूला राजाची पदवी आहे 'अमीर अल-कातूलिकीन', कॅथलिकांचा अमीर, सांचोचा पुत्र अल्फॉन्सो, देव त्याला साहाय्य करो. दर्शनी बाजूच्या मजकुरावर एक लहानसा क्रूस आणि खाली लॅटिन अक्षरे 'अल्फ', एवढीच काय ती राजाची स्वतःची लिपी. सालही हिजरी नाही, ते स्पॅनिश शकातले आहे, जो इसवी सनाच्या ३८ वर्षे पुढे धावतो आणि कॅस्टीलमध्ये १३८३ पर्यंत चालला. पैठणचा शालिवाहन शक ज्यांच्या घरच्या पंचांगात रोज असतो, त्यांना ७८ मिळवण्याची सवय असतेच. इथे ३८ वजा करायचे, एवढाच फरक.

१२१२ साली लास नावास दे तोलोसाच्या रणात याच अल्फॉन्सोने अल्मोहादांचा मोठा पराभव केला. पण त्यानंतरही टोलेडोचे नाणे अरबीतच पडत राहिले. रणांगणावर शत्रू असलेल्यांची भाषा राजा आपल्या सोन्यावर ठेवतो, कारण ते सोने ज्या सराफाच्या, कापडवाल्याच्या, घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या हाती पडायचे आहे, त्याची नजर त्याच अक्षरांवर बसलेली आहे. अक्षरे बदलली तर तो नाणे दातांखाली धरील, वजन करील आणि दोन आणे कमी देईल.

हे वाचताना मला आपल्याकडचे एक नाणे नेहमी आठवते. गझनीच्या महमूदाने १०२७-२८ च्या सुमारास लाहोरला, ज्याला तो महमूदपूर म्हणे, दिरहम पाडले. त्यांच्या एका बाजूला अरबी कलमा आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच अर्थ शारदा लिपीत, संस्कृतात: 'अव्यक्तम् एकं, मुहम्मद अवतार, नृपति महमूद'. प्रेषिताला 'अवतार' म्हणणारा तो महमूद आणि पोपला 'इमाम' म्हणणारा हा अल्फॉन्सो, दोघांमध्ये दीडशे वर्षांचे आणि हजारो कोसांचे अंतर आहे. दोघेही आपापल्या धर्माबाबत कडवे. तरीही दोघांच्या टांकसाळींनी दुसऱ्याच्या भाषेत आपली श्रद्धा सांगण्याची तडजोड केली. ही दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून मी जितका विचार केला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही जोडीवर केलेला नाही.

माझ्या चौकोनी दिरहमाचीही अशीच एक कथा निघाली, आणि ती मला तो विकत घेतल्यानंतर कळली. अल्मोहादांचे हे दिरहम उत्तर आफ्रिकेच्या व्यापारात इतके चालत, की तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये आणि आरागॉनच्या राजाच्या मुलखात ख्रिस्ती टांकसाळी त्यांच्या हुबेहूब नकला पाडू लागल्या. त्यांना 'मिलारेस' म्हणत. नकला पाडणारे ख्रिस्ती, पण नाण्यावर मुहम्मद आमचा प्रेषित आणि महदी आमचा इमाम. शेवटी १२६६ साली पोप चौथा क्लेमेंट याने दक्षिण फ्रान्समधल्या मागलोनच्या बिशपाला पत्र पाठवून, मुहम्मदाच्या नावाचे नाणे कॅथलिक माणसाने पाडावे याबद्दल खडसावले. काही नकलांची अक्षरे वेडीवाकडी असतात, लिपी न येणाऱ्या कारागिराने चित्र काढावे तशी, आणि त्या लगेच ओळखू येतात. काही मात्र इतक्या सफाईच्या असतात, की अभ्यासकही ठाम बोलत नाहीत. माझ्या नाण्यावर दुसऱ्या ओळीतल्या 'रसूलुना'तले सीन हे अक्षर दातांशिवाय सपाट ओढले आहे. वजन १.४१ ग्रॅम भरते. पाकिटावर मी पेन्सिलीने 'अल्मोहाद, अथवा नक्कल' असे लिहिले आहे, आणि ते शाईने लिहिण्याची मला घाई नाही.

तेराव्या शतकानंतर कॅस्टीलच्या रोजच्या नाण्यांची कहाणी ही हिणाची कहाणी आहे. बिलन म्हणजे चांदीत तांबे मिसळलेला धातू. आपल्याकडे 'हिणकस' हा शब्द आहे, तो याच धातूसाठी घडवल्यासारखा आहे. माझ्याकडे फर्नांडो चौथा याचा एक दिनेरो आहे. एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला सिंह. कास्तिया, म्हणजेच कॅस्टील, हा किल्ल्यांचा देश, लेओन म्हणजे सिंह, आणि या दोन राज्यांची नावे अशी चित्रातच बोलतात. ते नाणे आले तेव्हा काळे पडलेले होते. आमच्या घरी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात. मीही चिंचेचा कोळ केला, नाणे त्यात घातले आणि बोटाने हलके चोळले. दोन मिनिटांत काळेपणा गेला आणि त्याच्याबरोबर वरची चंदेरी पातळ झिलईही गेली. बिलनाचे नाणे टांकसाळीत आम्लात उकळून पांढरे करत. वरचे तांबे निघून जाई आणि चांदीचा पातळ थर उरे. सातशे वर्षे टिकलेला तो थर मी वाटीत धुऊन टाकला. आता ते नाणे तांबूस आहे, सिंहाच्या आयाळीच्या रेषा बुजल्या आहेत. नव्या संग्राहकांना मी पहिली गोष्ट हीच सांगते की जुन्या नाण्याला पाण्याखेरीज काही लावू नका, आणि पाणीही शक्यतो नको.

हीण वाढण्याचे कारण बहुतेक वेळा युद्ध होते. पेद्रो पहिला याने चौदाव्या शतकाच्या मध्यात चांगल्या चांदीचा 'रेआल' सुरू केला. २३० ग्रॅमच्या एका मार्क चांदीतून ६६ नाणी पाडायची, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेतीन ग्रॅम, किंमत ३ मारावेदी. त्यावर मुकुटाखाली मोठा 'प' आणि भोवती स्तोत्रातले वचन: प्रभू माझा साहाय्यकर्ता आहे, मी माझ्या शत्रूंची तमा बाळगणार नाही. त्याचा सावत्र भाऊ एन्रीके याने भाडोत्री फ्रेंच फौज आणून १३६९ साली माँतिएल इथे त्याला ठार केले आणि राज्य घेतले. त्या फौजेचे पैसे भागवण्यासाठी एन्रीकेने जी नाणी पाडली, त्यांत चांदी नावापुरती होती. त्याचा मुलगा हुआन पहिला यानेही १३८६ साली, इंग्लंडहून लँकेस्टरचा ड्यूक सैन्य घेऊन चालून आला तेव्हा, कोकराच्या चित्राचे 'आग्नुस देई' हे हलके नाणे काढले. त्याची दर्शनी किंमत काही वर्षांतच उतरवावी लागली.

हे वाचताना दौलताबादच्या माणसाला मुहम्मद तुघलक आठवणारच. १३३० च्या सुमारास, चांदीच्या टंक्याऐवजी पितळ आणि तांब्याचे नाणे त्याच किमतीचे माना, असा हुकूम त्याने काढला, आणि त्यातली काही नाणी आपल्या दौलताबादच्या टांकसाळीची आहेत. त्यांवर लिहिले आहे: जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानाची आज्ञा पाळतो. लोकांनी घरोघर तशी नाणी पाडली आणि दोनेक वर्षांत ती मागे घेऊन खजिन्यातून सोने-चांदी मोजावी लागली. इतिहासाच्या पुस्तकांत याला एका लहरी राजाचा वेडेपणा म्हणून हातावेगळे करतात. मला हा निवाडा पटत नाही. कॅस्टीलच्या राजांनी तेच पाऊल थोडे थोडे, दीडशे वर्षे टाकले. तुघलकाची चूक त्याच जातीची होती, फक्त त्याने ती एका झटक्यात केली.

ती दीडशे वर्षे एका आकड्यात दिसतात. पेद्रोचा रेआल ३ मारावेदींचा होता. १४९७ साली मेदिना देल कांपो इथे राजा फर्नांडो आणि राणी इसाबेल यांनी नाण्यांची घडी नव्याने बसवली. तेव्हा एका मार्कात ६७ रेआल ठरले, म्हणजे वजन जवळजवळ तेच, पण किंमत ३४ मारावेदी. चांदी जागची हलली नव्हती. अल्मोराविदांच्या सोन्याच्या दिनारावरून ज्याला नाव मिळाले, तो मारावेदी मात्र एवढा खाली आला होता, की अर्ध्या मारावेदीचे बिलनचे नाणे, 'ब्लांका', भाजीबाजाराच्या सुट्ट्यासाठी वापरत.

त्याआधी १४७१ साली अधिकृत टांकसाळी सहावर आणल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या खुणा शिकणे हा माझा अलीकडचा छंद आहे. बुर्गोसला 'ब', टोलेडोला 'त', सेव्हिलला 'स', ला कोरुन्याला सांतियागोच्या यात्रेकरूंचा शिंपला, क्वेंकाला वाडगा, कारण त्या गावाच्या नावाचा उच्चार वाडग्याच्या शब्दाशी जुळतो, आणि सेगोव्हियाला रोमनांनी बांधलेल्या उंच पाणकालव्याच्या कमानी. खाम नदीच्या काठची पाणचक्की आणि नहर-ए-अंबरी लहानपणापासून पाहिलेल्या मला ती कमानीची खूण फार आवडते. ती असलेला रेआल विकत घ्यायची इच्छा आहे. मात्र स्पेनमधून शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू बाहेर न्यायला तिथल्या सरकारची परवानगी लागते, त्यामुळे कागद पाहिल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही, आणि असे कागद देणारे विक्रेते सावकाशच भेटतात.

तोवर माझ्याकडे त्या काळची एक ब्लांका आहे. एका बाजूला मुकुटाखाली 'फ', दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली 'य', फर्नांडो आणि इसाबेल; इसाबेलचे नाव तेव्हा 'य'ने लिहीत. गेल्या दिवाळीत माझी आठ वर्षांची नात ताट उघडून बसली होती. तिने आधी हाली रुपयाच्या कमानीतले ऐन पाहिले, मग ब्लांका उचलली आणि विचारले, "आजी, हापण एकच अक्षरवाला राजा आहे का?" मी तिला भिंग दिले आणि मुकुटाखालच्या अक्षराच्या शेजारी टांकसाळीची खूण शोधायला सांगितली. तिने बराच वेळ नाणे दिव्याखाली फिरवले. तिथे काहीतरी आहे, शिंपला असेल किंवा नुसता ओरखडा असेल, पण धातू इतका झिजला आहे, की आम्हा दोघींनाही ते अजून वाचता आलेले नाही.